पोथी, कसर आणि शीतपेटी



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ट्रस्टच्या वाटचालीतील एखाद्या प्रकरणावर लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाकडून झाली. जिनालयाचा जीर्णोद्धार, पाठशाळा, चातुर्मास, विहारातील साधू-साध्वींची वैयावच्च या विषयांवर अधिकारी मंडळी लिहिणार आहेतच. मी मात्र ज्ञानभांडाराच्या दाराशी, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवलेल्या त्या पांढऱ्या पेटीविषयी लिहावयाचे ठरविले आहे. उपाश्रयात प्रथमच येणारा पाहुणा तिच्याकडे संशयाने पाहतो. ज्या समाजात बर्फाची गणना बावीस अभक्ष्यांत होते, त्या समाजाच्या धर्मस्थानात डीप फ्रीझर कशासाठी, हा प्रश्न त्याच्या मुद्रेवर स्पष्ट उमटतो. पाठशाळेतील मुलांचा तर त्यात आइस्क्रीम असते असा अनेक वर्षे दृढ समज होता. वस्तुतः ती पेटी बहुतेक काळ रिकामीच असते. तरीही गेल्या वीस वर्षांत विश्वस्तांच्या सभांतून जेवढी चर्चा तिच्यावर झाली, तेवढी अन्य कोणत्याही वस्तूवर झाली नसेल.

मावळ हा पाण्याचा मुलूख. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या ६५ किलोमीटरवरील लोणावळ्यात तोच आकडा ४,००० च्या पुढे जातो. जिल्हा एकच, परंतु कागदाच्या दृष्टीने हे दोन निराळे देश आहेत. कामशेतजवळच्या पाले गावच्या लेण्यात ‘नमो अरहंतानं’ या मंगलाने आरंभ होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो विद्वानांसमोर आणला. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याची पोढी करविली, एवढीच त्याची नोंद. पण महाराष्ट्रातील जैन धर्माच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. सुमारे दोन हजार पावसाळे त्या अक्षरांनी सोसले. दगडाला ते साधले, कागदाला साधत नाही. हवेतील आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती नव्वदीच्या घरात रेंगाळते. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसास हे पुस्तकात वाचावे लागत नाही. आगोटीच्या वेळी खालच्या फळीवरचे तागे वर चढविले नाहीत, तर भाद्रपदात घडी उलगडताना काळे ठिपके हाती लागतात आणि तो माल मग कोणत्याही भावाने खपत नाही.

जुलै २००५ च्या अखेरीस मुंबई बुडाली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच आठवड्यात घाटमाथ्यावरही आभाळ फाटले होते. आपल्या जुन्या उपाश्रयाच्या मागील भिंतीला रात्रीतून पाझर फुटला आणि ज्ञानभांडाराच्या खालच्या दोन कपाटांत पाणी शिरले. सकाळी कपाट उघडले तेव्हा पुस्तके फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसली होती की हाताने एकही निघेना. दोनशेच्या आसपास छापील ग्रंथ आणि वरच्या फळीवरून ओघळलेल्या पाण्याने भिजलेल्या काही हस्तलिखित पोथ्या, असा तो ऐवज होता. आम्ही काय केले? जे कोणीही करील तेच. सभागृहात सतरंज्या अंथरल्या, पंखे लावले, पाने उघडून ठेवली. बाहेर धो-धो पाऊस, आत वीज गेलेली, पंखे थांबलेले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पानांच्या कडांवर पांढुरकी लव दिसू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्यातील एका निवृत्त ग्रंथपालांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. आम्ही वाळवण्याचे उपाय विचारीत होतो. त्यांनी उलट प्रश्न केला, ‘तुमच्याकडे पाऊस कधी थांबतो?’ मी म्हटले, ‘दसऱ्याला.’ तेव्हा ते म्हणाले, ‘मग दसऱ्यापर्यंत वाळवायचा नाद सोडा. पुस्तके गोठवून टाका.’ थट्टा करीत आहेत असेच प्रथम वाटले. त्यांनी शांतपणे उलगडून सांगितले. ओले पुस्तक दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. मात्र ते शून्याखाली अठरा-वीस अंशांवर नेले की त्याच्यातील पाणी जेथल्या तेथे गोठते. शाई पुढे पसरत नाही, पाने आणखी फुगत नाहीत, बुरशी वाढत नाही. ती मरत नाही, निद्रिस्त होते. पुस्तक दुरुस्त होत नाही, त्याचा काळ थांबतो. सवड झाली की चार-चार पुस्तके बाहेर काढून वाळवावीत.

गावातील एका आइस्क्रीम विक्रेत्याने पावसाळ्यामुळे रिकामा पडलेला आपला मोठा फ्रीझर देऊ केला. आमच्यातील एका ज्येष्ठ श्रावकांनी त्यात अंड्याचा पदार्थ कधी ठेवला होता काय, याची खातरजमा केल्याशिवाय एकही ग्रंथ हलवू दिला नाही. फ्रीझर तीनदा पुसून घेतला. प्रत्येक ग्रंथ प्रथम पूंजणीने हळुवार झाडला, मग पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, कणा खाली करून ओळीने लावला. ओली पुस्तके उघडावयाची नाहीत, दाबावयाची नाहीत, पाने सुटी करण्याचा मोह धरावयाचा नाही, असे ग्रंथपालांनी बजावले होते. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेल्या चित्रमय ग्रंथांना सर्वांत आधी आत घालण्यास सांगितले होते, कारण तो कागद ओला असताना वाळला की पाने सरसाने चिकटविल्यासारखी कायमची एक होतात. हे आम्हांस दोन दिवस उशिरा कळले. जुन्या स्मरणिकांचे जे दोन गठ्ठे सतरंजीवर पंख्याखाली वाळले, ते आजही विटेसारखे घट्ट आहेत.

माझ्या वाट्याला आणखी एक शरमेची गोष्ट आली. पोथ्यांना गुंडाळलेले तांबडे कापड माझ्याच दुकानातून दहा वर्षांपूर्वी भेट म्हणून गेले होते. रंग पक्का आहे असे मीच सांगितले होते. भिजल्यावर तो सुटला आणि एका कल्पसूत्राच्या पोथीच्या पहिल्या नऊ पानांवर गुलाबी ओघळ उतरले. ते आजही आहेत. त्यानंतर भांडारात जाणारे प्रत्येक कापड, मग ते मांजरपाट असो की खादी, मी घरी दोनदा गरम पाण्यातून काढतो. रंगासाठी तर खराच, पण खळीसाठीही. कोऱ्या कापडात जी खळ असते ती पिठाचीच, आणि कसरीला तीच हवी असते. पोथीभोवती खळीचे कापड गुंडाळणे म्हणजे कसरीला पाटपाणी मांडून बोलावणे होय.

गोठविलेले ग्रंथ तीन महिने त्या फ्रीझरमध्ये राहिले. ते भारनियमनाचे दिवस होते. झाकण न उघडता भरलेला फ्रीझर वीज गेल्यावरही दीड-दोन दिवस गारवा धरून ठेवतो, म्हणून झाकणाला कुलूप लावून किल्ली आमच्यापैकी एकाकडेच ठेवली. कार्तिक उजाडला, हवा कोरडी झाली आणि त्या वर्षीच्या ज्ञानपंचमीला पहिले पाच ग्रंथ बाहेर काढून टीपकागदांत ठेवले. शेवटचा ग्रंथ वाळला तेव्हा माघ लागला होता. बहुतेक वाचले. कणे वाकडे झाले, पुठ्ठे सुटले, पण अक्षर राहिले.

ही युक्ती काही त्या ग्रंथपालांची नव्हती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात आर्नो नदीचा पूर शिरला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे लक्षावधी ग्रंथ चिखलात गेले. त्या वेळी पुस्तके तंबाखूच्या भट्ट्यांतूनही वाळविण्यात आली. पुष्कळ वाचली, पुष्कळ कडक होऊन मोडली. तेथे मदतीस गेलेले इंग्रज बांधणीकार पीटर वॉटर्स पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, आणि भिजलेल्या ग्रंथांच्या बचावाची त्यांची पुस्तिका १९७५ मध्ये निघाली. त्यात गोठविण्यावर भर आहे. १९७२ च्या पुरानंतर अमेरिकेतील कॉर्निंग येथील काचवस्तुसंग्रहालयाने आपले भिजलेले ग्रंथ गोठविले होते. एप्रिल १९८६ मध्ये लॉस एंजेलिसचे मध्यवर्ती ग्रंथालय जळाले, तेव्हा आग विझविण्याच्या पाण्याने भिजलेली सुमारे सात लाख पुस्तके अन्नपदार्थ साठविणाऱ्या शीतगृहांत हलवावी लागली. एवढ्या मोठ्या संख्येला पंखे पुरत नाहीत. तेथे निर्वात कोठीत बर्फाची थेट वाफ करून ग्रंथ कोरडे करतात, मधली पाण्याची अवस्था येऊच देत नाहीत. आइस्क्रीमच्या फ्रीझरवर समाधान मानणारे आपण एकटेच नव्हतो, हे वाचून मला बरे वाटले होते.

मात्र शीतपेटीचा दुसराही एक उपयोग आहे, आणि आपल्या सभांतील सारा वाद त्याच्यामुळे झाला.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठातील बायनिकी या दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथालयात पुस्तके पोखरणारा भुंगा आढळला. तोवर अशा वेळी विषारी वायूच्या कोठीत ग्रंथ ठेवण्याची पद्धत होती. तो वायू माणसालाही बाधतो हे हळूहळू कळत होते. तेथील कीटकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स रेमिंग्टन यांनी थंडीचा उपाय सुचविला. सुमारे ३७,००० ग्रंथ शून्याखाली तीस अंशांहूनही अधिक थंडीत तीन दिवस ठेवण्यात आले. किड्याच्या देहातील पाण्याचे स्फटिक झाले आणि प्रौढ, अळी, अंडी सर्व संपले. विषाचा अंशही ग्रंथात उरला नाही. तेव्हापासून जगभरच्या ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत ही रीत रूढ झाली. साधा फ्रीझर उणे वीस अंशांपर्यंतच जात असेल तर किमान एक आठवडा ठेवावे, आणि तापमान झपाट्याने खाली न्यावे, नाहीतर किडा थंडीशी जुळवून घेतो, असा त्यांचा दंडक आहे.

२००६ च्या वैशाखात आपल्या एका दानशूर कुटुंबाने ज्ञानभांडारासाठी डीप फ्रीझर देण्याची इच्छा प्रकट केली आणि विश्वस्तांच्या सभेत तीन आक्षेप आले. विजेचे उपकरण म्हणजे तेजस्कायाची विराधना. आत जे हिम साचते ती अप्कायाची. हे दोन आक्षेप दिवे, पंखे आणि पाण्याची मोटार असलेल्या वास्तूत फार काळ टिकले नाहीत. तिसरा मात्र कोणासच खोडता आला नाही. आज ओल्या ग्रंथांसाठी आणलेली पेटी उद्या कसर मारण्यासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कोण देणार? श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात हलत्या-चालत्या निरपराध त्रस जीवाची संकल्पपूर्वक हिंसा वर्ज्य आहे. स्वयंपाकात, व्यापारात, बांधकामात जी होते ती आरंभी हिंसा. ती गृहस्थास टळत नाही. परंतु पिशवीत पोथी घालून, आत जीव आहेत हे जाणून, ते मरावेत याच हेतूने झाकण लावणे, यास संकल्पी हिंसेखेरीज दुसरे नाव कोणते? आणि तेही ज्ञानाच्या रक्षणाच्या निमित्ताने.

त्या वर्षी चातुर्मासार्थ विराजमान असलेल्या साध्वीजी महाराजांना आम्ही हा प्रश्न विचारला. त्यांनी निर्णय दिला नाही. तो गृहस्थांचा व्यवहार आहे, असे म्हणाल्या. मात्र एक गोष्ट सांगितली, जी मला तोवर ठाऊक नव्हती. बृहत्कल्पभाष्य आणि निशीथ यांच्या परंपरेत साधूने पुस्तक बाळगणे हाच मुळी दोष मानला आहे आणि त्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. कारण असे की, पानांच्या सांध्यांत सूक्ष्म जीव शिरतात आणि पुस्तक मिटताना ते चिरडतात. श्रुत हे कंठस्थ असावे. ग्रंथ हा परिग्रहही आणि हिंसेचे स्थानही. पुढे दुष्काळांमुळे पाठ विसरू लागले, तेव्हा वीर निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी (दुसऱ्या परंपरेने ९९३ व्या) वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. श्रुत की जीव, हा पेच वल्लभीत पुस्तकाच्या बाजूने सुटला, परंतु अटींसह सुटला. मुनिश्री पुण्यविजयजींनी जैन लेखनकलेवरील आपल्या गुजराती ग्रंथात या साऱ्याची सविस्तर चर्चा केली आहे. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी.

त्या अटी म्हणजेच आपली ज्ञानभांडारे होत. जैसलमेरच्या किल्ल्यात संभवनाथ जिनालयाखालच्या तळघरात आठ-नऊशे वर्षांपूर्वीची ताडपत्रे टिकून राहिली ती मरुभूमीच्या कोरड्या हवेमुळे, अंधारामुळे आणि घट्ट बांधणीमुळे. पाटण, खंभात, आपल्या विदर्भातील कारंजा, दक्षिणेत मूडबिद्री, सर्वत्र पद्धत थोड्याफार फरकाने एकच. लाकडी पाट्यांमध्ये पोथी, त्यावर कापड, त्यावर डबा. डब्यात वेखंडाची पुरचुंडी. चुकलेले अक्षर पुसण्यासाठी लेखक हरताळ वापरीत. मराठीत ‘हरताळ फासणे’ हा जो वाक्प्रचार आहे त्याचे मूळ तेथेच. हा हरताळ विषारी, आणि कसर त्याच्या वाटेला जात नाही. पोथीच्या अखेरीस लेखक वाचकास विनवीत असे की पाण्यापासून, तेलापासून आणि सैल बांधणीपासून हिला जपा. कसर मारा, असे तो कोठे म्हणत नाही. ती येऊच नये, अशी व्यवस्था करावयाची. यालाच आपण जयणा म्हणतो.

आणि या व्यवस्थेला पंचांगातील दोन दिवस नेमून दिलेले आहेत. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. पुष्पदंत-भूतबली आचार्यांच्या षट्खंडागमाच्या पूर्तीचा तो दिवस. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथांचे पूजन होते, आणि पूजनासाठी ग्रंथ बाहेर काढावे लागतात, झाडावे लागतात, नव्या कापडात बांधावे लागतात. मावळात राहणाऱ्याने या दोन तिथी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक पावसाच्या तोंडावर येते, दुसरी पाऊस संपल्यावर. आपल्या ट्रस्टने २००७ पासून दोन्ही पाळावयास आरंभ केला. त्यावर एक-दोन भुवया उंचावल्या. पण घाटमाथ्यावरच्या पावसाला श्वेतांबर-दिगंबर कळत नाही, हे सर्वांनी लवकरच मान्य केले.

पुणे जिल्ह्यातील जैनांनी ग्रंथरक्षणाच्या बाबतीत एक ऋणही मानावयास हवे. सरकारने एकोणिसाव्या शतकात ब्यूलर, कीलहॉर्न, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटर्सन आदी विद्वानांकरवी जमविलेली हस्तलिखिते डेक्कन कॉलेजातून १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आली. त्यांत जैन ग्रंथांचा वाटा मोठा आहे. प्रा. हिरालाल कापडिया यांनी त्यांची वर्णनात्मक सूची केली, आणि प्रा. ह. दा. वेलणकरांचा ‘जिनरत्नकोश’ याच संस्थेने १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या भांडारातील पोथ्यांची यादी करताना आम्ही तोच कोश उघडून बसलो होतो.

असो. २००६ च्या सभेत शेवटी ठराव झाला. शीतपेटी स्वीकारावी, ती भिजलेल्या ग्रंथांना सवड मिळावी एवढ्यासाठीच वापरावी, जीव असलेला ग्रंथ तिच्यात ठेवू नये. हा ठराव झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविला आहे.

यंत्र घेणे सोपे, सांभाळणे कठीण, आणि आपल्या हवेत तर फारच. पेटी ज्येष्ठात चालू करतो आणि कार्तिकात बंद करतो. बंद असताना झाकणात लाकडी ठोकळा ठेवून ते बोटभर उघडे ठेवावे लागते, नाहीतर आत कुबट वास आणि बुरशी धरते; पहिल्याच वर्षी हे विसरलो आणि रबराची सगळी पट्टी काळी झाली. ती पट्टी हा फ्रीझरचा प्राण. दहा रुपयांची नोट झाकणात धरून ओढून पाहावी. सहज निघाली तर पट्टी ढिली झाली असे समजावे, कारण तेथून आत शिरणारी मावळची ओली हवा भिंतींवर हिम होऊन बसते. हिमाचा थर पाव इंच झाला की पेटी रिकामी करून बंद ठेवावी आणि तो आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडण्याचा उत्साह एका कार्यकर्त्याने दाखविला होता. आतील नळीला भोक पडले आणि कॉम्प्रेसरसह सारे काम नव्याने करावे लागले. मागची जाळी दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडावी. पेटी फरशीवर न ठेवता लाकडी चौकटीवर ठेवावी, कारण पावसाळ्यात तिच्या बाहेरच्या अंगाला घाम सुटतो. स्टॅबिलायझर अनिवार्य. आत एक थर्मामीटर, शेजारी एक वही; सकाळी आणि सायंकाळी आकडा लिहावयाचा. उणे अठराच्या वर काटा आला की विश्वस्तांना कळवावयाचे.

गोठलेला ग्रंथ बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडावयाची नाही, हा नियम सुके ग्रंथ गोठविणाऱ्यांसाठी तर अत्यंत महत्त्वाचा. दिवसभर तशीच ठेवली की दव पिशवीच्या बाहेर जमते, आत नाही. सोनेरी शाईच्या किंवा जाड रंगांच्या सचित्र पोथ्या तज्ज्ञाला विचारल्याविना गोठवू नयेत, कारण रंगाचे पापुद्रे सुटण्याचे भय असते. आपल्याकडे अशी एकच पोथी आहे. ती पहिल्यापासून वरच्या मजल्यावर ठेवली आहे.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहावा असे मनात होते. २०१४ च्या पावसाळ्यात मावळातील एका खेड्यातून एका वृद्ध श्राविकेने आपल्या घरातील जुनी पेटी भांडारास अर्पण केली. तिच्यात शिळाछापाचे काही ग्रंथ आणि सात पोथ्या होत्या. कापड सोडताच पिठासारखा भुगा खाली पडला. पानापानांतून सुईच्या जाडीचे बोगदे गेले होते आणि जीव चालू होते. नव्याने विश्वस्त झालेला एक तरुण अभियंता तेथे होता. त्याने येलचे उदाहरण दिले, आठ दिवसांचा हिशेब मांडला आणि म्हणाला, ‘काका, पेटी चालूच आहे.’ मी झाकणावरचा ठराव दाखविला. बहुमत ठरावाच्या बाजूने गेले, माझे मतही.

आम्ही ती पेटी इतर ग्रंथांपासून दूर, गच्चीवरील कोरड्या खोलीत ठेवली. दररोज दोघे जण पूंजणीने एकेक पान झाडीत आणि निघालेले जीव झाडाखाली सुरक्षित सोडीत. पण पानांच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत पूंजणी पोहोचत नाही. दोन महिन्यांनी सातांपैकी पाच पोथ्या निर्जंतुक झाल्यासारख्या दिसल्या. दोन गेल्या. त्यांतील एक गावातच लिहिलेली होती. तिच्या अखेरीस मावळातील त्या खेड्याचे नाव होते, आणि तशी दुसरी पोथी मी कोठे पाहिलेली नाही. उरलेल्या पानांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. चाळणीतून वाचावे तशी ती वाचावी लागतात.

तो तरुण विश्वस्त त्या वेळी एवढेच म्हणाला, ‘पोथी गेली, आणि आपण झाडाखाली सोडलेल्या जीवांचे काय झाले, तेही आपल्याला ठाऊक नाही.’ मला उत्तर देता आले नाही. माझ्या स्वतःच्या दुकानाच्या माळ्यावर डांबराच्या गोळ्या त्याही दिवशी टांगलेल्या होत्या, हे त्याला माहीत होते आणि मलाही. तरी ठरावाच्या बाजूने दिलेल्या मताचा मला पश्चात्ताप होत नाही. आणि ती पोथी आठवली की झोपही लागत नाही. दोन्ही खरे आहे.

त्या तरुणानेच पुढे मार्ग काढला. २०१६ मध्ये त्याच्या आग्रहावरून भांडारात हवेतील ओल शोषणारे यंत्र बसविले. पावसाळ्यात त्याचे भांडे दिवसातून दोनदा भरते. एवढे पाणी पूर्वी आपले ग्रंथ पीत होते. आर्द्रता साठच्या खाली राहू लागल्यापासून भांडारात नवी कसर दिसलेली नाही, बुरशीही नाही. आपल्या शास्त्रानुसार बुरशी अनंतकाय. ती पुसण्यापेक्षा न उपजू देणे केव्हाही श्रेयस्कर. खर्चाच्या दृष्टीने पाहता फ्रीझरपेक्षा हे यंत्र ट्रस्टला अधिक लाभले, असे हिशेबनीस म्हणून माझे मत आहे. बाहेरून येणारी प्रत्येक भेट आता आधी गच्चीवरील खोलीत एक महिना थांबते, मगच खाली येते.

आणि शीतपेटी? २००५ नंतर तिची खरी गरज तीनदाच पडली. शेवटची, शेजारच्या गावातील एका कुटुंबाच्या घरात छत गळून भिजलेल्या वह्यांसाठी. त्या वह्या धार्मिक नव्हत्या. सुनेच्या हातच्या जमाखर्चाच्या आणि सासूने सांगितलेल्या स्तवनांच्या होत्या. ठरावात अन्य वह्यांचा उल्लेख नाही, म्हणून सभा बोलवावी काय, असा विचार क्षणभर मनात आला. मग किल्ली काढली. वहीत त्या सायंकाळची नोंद आहे: तापमान उणे १९, वह्या अकरा, वीज दोन तास नव्हती.

या लेखनात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविध मिच्छामि दुक्कडम्.